सुलतान बाजार, मुसी नदी आणि सरकारी मंजुरी

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तर तीरावर कोठी, पुतलीबावली, बडी चावडी, जांबाग असे एकमेकांस लागून असलेले जे जुने मोहल्ले आहेत, त्यांच्या मध्यावर सुलतान बाजार वसला आहे. कापडाची, बांगड्यांची, लग्नाच्या बस्त्याची ही पेठ. मराठी माणसास ती परकी वाटण्याचे कारण नाही. विवेकवर्धिनीची शाळा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच भागात उभी राहिली. 1922 साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालयही याच परिसरातले. केशवराव कोरटकरांसारख्या पुढाऱ्यांची पिढी येथल्याच सभांतून पुढे आली. तेलुगू भाषकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय 1901 मध्ये येथेच निघाले आणि आर्यसमाजाचे मंदिर त्याच्याही आधीचे, 1892 चे. निजामाच्या राजधानीत मराठी, तेलुगू आणि हिंदी या तिन्ही भाषांच्या सार्वजनिक जीवनाने मूळ धरले ते या एका पेठेच्या आसऱ्याने.

हा आसरा कशाचा होता, हे समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. कर्कपॅट्रिक नावाच्या ब्रिटिश रेसिडेंटाने 1803 च्या सुमारास नदीकाठी आपला भव्य वाडा बांधावयास काढला. त्या वाड्याच्या आश्रयाने सावकार, व्यापारी व कारागीर येऊन राहिले आणि जी वस्ती झाली तिला रेसिडेन्सी बाजार हे नाव पडले. या वस्तीवर अंमल निजामाचा नव्हता, रेसिडेंटाचा होता. ब्रिटिशांचे राज्य हे काही स्वातंत्र्याचे माहेर नव्हे. 1857 च्या जुलै महिन्यात तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी याच रेसिडेन्सीवर चाल केली होती, हे विसरता येत नाही. तथापि दोन सत्तांच्या सीमेवर जी फट राहते, तिच्यातून थोडा वारा आत येतोच. निजामाच्या मुलखात सभा भरवावयाची तर सरकारची परवानगी लागे. 1929 च्या सुमारास निघालेल्या ‘गश्ती निशान 53’ या कुप्रसिद्ध फर्मानाने तर साध्या सभेसही आगाऊ मंजुरीच्या बेड्या घातल्या. अशा दिवसांत रेसिडेन्सी बाजारात उभे राहून चार शब्द बोलता येत. 1933 मध्ये ही पेठ निजामाकडे परत देण्यात आली आणि तिचे नाव सुलतान बाजार असे झाले. जुन्या हैदराबादकरांच्या तोंडी मात्र ‘रेसिडेन्सी’ हा शब्द त्यानंतरही बरीच वर्षे टिकून होता.

म्हणजे ‘परवानगी’ या शब्दाशी या पेठेची ओळख जुनी आहे. तेव्हा परवानगी मागावयाची ती प्रजेने आणि द्यावयाची ती राजाने. पुढे काळ उलटला आणि कायद्याने एका नव्या प्रकारची परवानगी निर्माण केली. हवा, पाणी आणि जमीन यांना धक्का लावू पाहणाऱ्याने, मग तो कारखानदार असो की स्वतः सरकार असो, आधी मंजुरी घ्यावी, असे तिचे स्वरूप. पहिल्या परवानगीत राजा प्रजेस अडवीत होता. दुसरीत प्रजेच्या वतीने कायदा राजास अडवितो. निदान त्याने अडवावे अशी अपेक्षा असते. या दुसऱ्या परवानगीचा इतिहास हैदराबादेपुरता सांगावयाचा तर त्याची सुरुवात कायद्याच्या पुस्तकात होत नाही. ती होते एका महापुरात.

1908 सालच्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस मुसीच्या खोऱ्यात असामान्य वृष्टी झाली. शहराच्या वरच्या अंगास शमशाबाद येथे चोवीस तासांत 12.8 इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत 18.9 इंच पाऊस पडल्याची नोंद आहे. शमशाबाद हे गावाचे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, कारण ते पुढे पुन्हा यावयाचे आहे. मुसीच्या वरच्या खोऱ्यात त्या काळी लहानमोठे 788 तलाव होते. दर चौरस मैलास जवळजवळ एक तलाव, असे ते प्रमाण. पिढ्यान्‌पिढ्या या तलावांनी शेते भिजविली होती. परंतु त्या रात्री त्यांचे बांध एकामागून एक फुटू लागले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर कोसळे आणि खालचाही फुटे. असे 221 तलाव फुटले आणि 28 सप्टेंबरच्या सकाळी ते सारे पाणी एकवट होऊन शहरावर आले. अफझलगंज आणि कोळसावाडी या वस्त्या धुऊन निघाल्या. पूल खचले, हजारो माणसे गेली. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारात एक चिंचेचे झाड होते. त्याच्या फांद्यांवर दीडशे माणसांनी जीव मुठीत धरून काळ काढला आणि ती वाचली. ते झाड हैदराबादेने पुढे देवासारखे जपले.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी या संकटानंतर ज्या माणसास बोलावून घेतले, तो महाराष्ट्राच्या चांगल्या ओळखीचा होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, खानदेश, पुणे असे राबले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे हा त्या काळी कौतुकाचा विषय होता. मुंबई सरकारच्या नोकरीतून ते नुकतेच मोकळे होत होते. 1909 साली ते हैदराबादेस आले. त्यांनी पर्जन्यमानाचे आकडे तपासले, फुटलेल्या तलावांचा हिशेब मांडला आणि त्याच वर्षी आपला अहवाल सादर केला. नदी शहरात शिरल्यावर तिच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. तिला शहराच्या वरच अडविली पाहिजे, आणि त्यासाठी पूर पोटात घेतील असे दोन मोठे जलाशय बांधावेत, हा त्या अहवालाचा गाभा. नदीकाठी बंधारे व उद्याने करावीत आणि शहराची सांडपाण्याची व्यवस्था सुधारावी, असेही त्यांनी सुचविले होते.

महबूब अली खान 1911 मध्ये निवर्तले. योजना मार्गी लागली ती त्यांचे चिरंजीव मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत. 1912 मध्ये नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. मुसीवरील उस्मानसागर 1920 मध्ये आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवरील हिमायतसागर 1927 मध्ये पुरा झाला. उस्मानसागर ज्या गावाजवळ आहे त्याचे नाव गंडीपेट. ज्याने गंडीपेटचे पाणी चाखले तो हैदराबाद सोडून जात नाही, ही म्हण या शहरात आजही ऐकू येते. नांदेड, परभणी, लातूर, बीड इकडून शिकावयास किंवा नोकरीस म्हणून आलेली आणि कोठीच्या आसपास बिऱ्हाड थाटून कायमची तेथलीच झालेली मराठी कुटुंबे पाहिली म्हणजे या म्हणीत तथ्य असावे असे वाटते!

येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे, कारण पुढील सारा वाद तिच्याभोवती फिरतो. हे दोन जलाशय प्रथम कल्पिले गेले ते पिण्याच्या पाण्यासाठी नव्हेत, पुरासाठी. पूर थोपविण्यासाठी भांड्याचा काही भाग रिकामा ठेवावा लागतो आणि पाणीपुरवठ्यासाठी भांडे भरलेले असावे लागते. ही दोन्ही कामे एकाच जलाशयाकडून करून घ्यावयाची तर त्याच्या वरच्या अंगाची जमीन, तिच्यावरील ओढे आणि तिच्यात मुरणारे पाणी यांची राखण करणे ओघानेच येते. विश्वेश्वरय्यांच्या काळी त्यासाठी वेगळ्या कायद्याची गरज भासली नाही. वरच्या अंगास शेते होती, माळ होते आणि मेंढरे चरत होती.

सत्तर वर्षे गेली. शहराची वेस शमशाबादकडे सरकू लागली. मध्यंतरी देशात नवे कायदे झाले होते. स्टॉकहोम येथे 1972 मध्ये भरलेल्या परिषदेनंतर 1974 चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा आला आणि राज्याराज्यांत प्रदूषण नियंत्रण मंडळे स्थापन झाली. भोपाळची वायुदुर्घटना 1984 च्या डिसेंबरात घडली आणि तिच्या पाठोपाठ 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. या कायद्याच्या आधारे 27 जानेवारी 1994 रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि विशिष्ट प्रकल्पांस आगाऊ पर्यावरणीय मंजुरी घेणे सक्तीचे केले. आंध्र प्रदेश सरकारनेही त्याच सुमारास आपल्या दोन जलाशयांकडे पाहिले. 1994 मध्ये एक आणि 8 मार्च 1996 रोजी दुसरा असे शासनादेश निघाले. यांतला दुसरा ‘शासनादेश क्रमांक 111’ म्हणून प्रसिद्ध आहे. जलाशय पूर्ण भरला असता पाण्याची जी कड असेल, तिच्यापासून दहा किलोमीटरच्या आत प्रदूषण करणारे उद्योग, मोठी हॉटेले, निवासी वसाहती काढावयाच्या नाहीत, असा त्याचा आशय. 84 गावे आणि सुमारे 1 लाख 32 हजार एकर जमीन या एका आदेशाखाली आली.

आदेश निघतो न निघतो तोच त्याच्या कसोटीची वेळ आली. एरंडेलापासून विविध रासायनिक पदार्थ बनवू इच्छिणाऱ्या एका कंपनीने 1995 मध्ये शमशाबाद तालुक्यातील पेद्दाशापूर येथे 12 एकर जमीन घेतली होती. 1908 सालचा तो पाऊस जेथे मोजला गेला, तोच हा मुलूख. वर्षाला 15,000 टन एरंडेल आणि 600 टन ग्लिसरीन काढण्याचा तिचा इरादा होता आणि त्यासाठी केंद्रीय उद्योग मंत्रालयाचे इरादापत्र तिला 9 जानेवारी 1996 रोजी मिळाले. एरंडेल म्हटले की आपल्याकडे आजीबाईच्या बटव्याची आठवण होते. परंतु हा उद्योग तसा निरुपद्रवी नव्हता. वनस्पती तेलाचे कारखाने धोकादायक अशा लाल वर्गात गणले जात. या प्रक्रियेत निकेल धातूचा उत्प्रेरक म्हणून वापर होतो आणि वापरून झालेले निकेल टाकाऊ म्हणून उरते. ते पाण्यात उतरले तर काय, हा प्रश्न होता.

इरादापत्र म्हणजे मंजुरी नव्हे. प्रदूषण मंडळाची संमती घ्यावी, ही अट त्यातच होती. कंपनीने ग्रामपंचायतीची परवानगी घेतली आणि मंडळाची संमती हाती येण्यापूर्वीच बांधकामास हात घातला. आपल्या देशातील मंजुरीच्या इतिहासात ही चाल नवी नाही. आधी भिंती उभ्या करावयाच्या आणि मग ‘आता एवढा खर्च झालाच आहे’ म्हणून हात जोडावयाचे! राज्य सरकारचे वर्तनही चमत्कारिकच झाले. ज्या सरकारने दहा किलोमीटरची मर्यादा आखली, त्याच सरकारने 3 जुलै 1997 रोजी दुसरा आदेश काढून या एका कंपनीस त्या मर्यादेतून सूट दिली. प्रदूषण मंडळ मात्र बधले नाही. 30 जुलै 1997 रोजी त्याने संमती नाकारली. सरकारने वाट मोकळी करून द्यावी आणि सरकारच्याच मंडळाने ती अडवून धरावी, असा हा प्रसंग. मंडळाच्या बाजूने त्या महिन्यात किती मनोधैर्य लागले असेल, याचा अंदाज सरकारी कचेऱ्यांची रीत ठाऊक असलेल्या माणसास सहज करता येईल.

कंपनी अपिलात गेली. जलप्रदूषण कायद्याखालील अपिलीय अधिकारी म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश. त्यांच्यापुढे एका शास्त्रज्ञाचे प्रतिज्ञापत्र आले. कंपनीची यंत्रणा अद्ययावत आहे आणि तिच्यापासून प्रदूषण संभवत नाही, असे त्यात म्हटले होते. 5 जानेवारी 1998 रोजी निर्णय कंपनीच्या बाजूने झाला. प्रा. एम. व्ही. नायडू आणि पर्यावरणासाठी झटणारी त्यांची संस्था यांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. हैदराबादचे उच्च न्यायालय मुसीच्या दक्षिण तीरावर आहे. महापुरानंतर नदीकाठ सुधारण्यात आला तेव्हाच ती तांबड्या दगडाची इमारत उठली. तिच्या सज्जात उभे राहिले म्हणजे नदीचे पात्र समोर दिसते. परंतु 1 मे 1998 रोजी तेथेही कंपनीचीच सरशी झाली आणि संमती देण्याचा हुकूम मंडळास मिळाला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे न्यायमूर्ती एम. जगन्नाथ राव यांनी 27 जानेवारी 1999 रोजी जो निर्णय लिहिला, तो भारतातील पर्यावरणविषयक न्यायविचारात मैलाचा दगड ठरला. प्रश्न साधा दिसतो, पण तसा नाही. कारखान्यापासून पाणी दूषित होईलच, असे कोणी आगाऊ सिद्ध करून दाखवू शकत नाही. होणारच नाही, असेही नाही. मग पुराव्याचा भार कोणी वाहावयाचा? नेहमीच्या दिवाणी न्यायाप्रमाणे पाहिले तर जो तक्रार करतो त्यानेच ती सिद्ध केली पाहिजे. न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व पुढे ठेवून हा क्रम उलटा केला. जे आहे ते बदलू पाहतो, त्याने आपल्या कृतीपासून अपाय नाही हे दाखवावे. विज्ञान जेथे निश्चित बोलू शकत नाही तेथे चूक करावयाचीच असेल, तर ती पाण्याच्या बाजूने व्हावी. गावातील पाणवठ्याचा जुना संकेत ज्यास ठाऊक आहे त्याला या विचारात परके असे काही आढळणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या घाटावर धुणे नेणाऱ्यास कोणी ‘पाणी नासले हे सिद्ध करा’ म्हणू देत नसे.

त्या निर्णयात आणखी एक नाजूक मुद्दा होता. निकेलाचे प्रमाण, भूगर्भातील पाण्याच्या वाटा, यंत्राची कार्यक्षमता, असल्या गोष्टी एकट्या कायदेपंडिताने कशा ठरवाव्यात? त्यांच्यासाठी न्यायाधीश आणि शास्त्रज्ञ एकत्र बसतील असे न्यायपीठ असावे, असा विचार न्यायालयाने मांडला. पुढे 2010 मध्ये जे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण निघाले, त्याच्या मागे या विचाराचा मोठा वाटा आहे. या प्रकरणापुरते न्यायालयाने तज्ज्ञांचे अभिप्राय मागविले. राष्ट्रीय पर्यावरण अपील प्राधिकरण, हैदराबादेतील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि मुंबईस माटुंग्याला असलेला विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग यांना त्यात मत द्यावयास सांगण्यात आले. एरंडेलाच्या कारखान्याचा निकाल लागण्यास माटुंग्याच्या रसायनशाळेचे मत कामी यावे, ही गोष्ट मराठी वाचकास ठाऊक असावी.

अखेरचा निर्णय 1 डिसेंबर 2000 रोजी झाला. राज्य सरकारने दिलेली सूट टिकली नाही. पिण्याचे पाणी हा घटनेने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भाग आहे आणि लाखो लोकांच्या पाण्यावरील मर्यादा एका कंपनीपुरती ढिली करता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. एकास सूट दिली की दुसऱ्यास ‘नाही’ म्हणण्याचे तोंड उरत नाही, हा व्यवहारज्ञानाचा मुद्दाही त्यात होता. जमीन घेतल्यापासून या निकालापर्यंत पाच वर्षे लागली. तेवढ्या काळात सुलतान बाजारातील कोणत्या दुकानदारास ठाऊक होते की आपल्या माठातील पाण्याचा दावा दिल्लीत चालला आहे?

ही झाली कायद्याने जेथे विचारले तेथील हकीकत. कायदा जेथे विचारतच नाही, अशीही एक जागा आहे आणि ती खुद्द सुलतान बाजारातच दाखविता येते.

शहरासाठी उंच खांबांवरून धावणाऱ्या मेट्रो रेल्वेची योजना आखण्यात आली. आधी तिच्यासाठी 2008 चा ट्रामवेविषयक राज्य कायदा होता. 4 सप्टेंबर 2010 रोजी करार झाला. तिच्या तीन मार्गांपैकी एक सिकंदराबादेतील ज्युबिली बस स्थानकाकडून फलकनुम्याकडे जावयाचा होता आणि त्याची रेघ नेमकी सुलतान बाजारावरून ओढलेली होती. ज्या रस्त्यावर सणासुदीला दोन माणसांना एकमेकांस ओलांडून जाणे कठीण, त्या रस्त्यावर मेट्रोचे खांब येणार म्हटल्यावर व्यापारी हवालदिल झाले. एका बाजूला रेसिडेन्सीचा वाडा. 1949 पासून तो मुलींचे महाविद्यालय म्हणून नांदला आणि 2002 मध्ये जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या एका आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे नाव लागले. दुसऱ्या बाजूला शंभर वर्षांची दुकाने. बंद पाळले गेले, निवेदने दिली गेली, वारसा जपू पाहणारे लोक व्यापाऱ्यांच्या जोडीस उभे राहिले.

अशा वेळी साधा माणूस विचारतो की एवढ्या मोठ्या कामास पर्यावरणाची मंजुरी घेतली असेल ना, तीत आमचे म्हणणे ऐकून घेतले असेल ना? याचे उत्तर आश्चर्यकारक आहे. 1994 ची अधिसूचना घ्या की तिच्या जागी 14 सप्टेंबर 2006 रोजी आलेली नवी घ्या, मंजुरी आवश्यक असलेल्या कामांच्या यादीत विमानतळ आहे, बंदर आहे, महामार्ग आहे. रेल्वे नाही. त्यामुळे सत्तर किलोमीटरच्या मेट्रोसाठी त्या अधिसूचनेखाली जनसुनावणी होण्याचे कारणच उरले नाही. रेल्वे वगळण्याच्या बाजूने बोलता येते. मेट्रोने रस्त्यावरील मोटारी कमी होतात, धूर कमी होतो, हे खरे आहे. परंतु सुनावणी म्हणजे नकार नव्हे. ज्याचे दुकान पडावयाचे त्याने सरकारी टेबलासमोर उभे राहून आपले गाऱ्हाणे नोंदवावे आणि त्याचे लेखी उत्तर मिळावे, एवढाच तिचा अर्थ. ती वाट नसली म्हणजे माणसे मोर्चाकडे आणि पुढाऱ्याकडे वळतात. सुलतान बाजारात तेच झाले. 2014 मध्ये तेलंगण राज्य निर्माण झाल्यावर मार्ग बदलण्याच्या घोषणा झाल्या, आशा पालवल्या. परंतु शेवटी रेघ होती तेथेच राहिली. मार्गाचा ज्युबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक हा अकरा किलोमीटरचा तुकडा 7 फेब्रुवारी 2020 रोजी खुला झाला आणि पेठेच्या डोक्यावर ‘सुलतान बाजार’ असे नाव मिरविणारे स्थानक आले. त्याचा उपयोग आज हजारो माणसे करतात, यात शंका नाही. त्याच्या पायऱ्या उतरून बस्ता खरीदावयास येणारी गिऱ्हाइकेही पुष्कळ आहेत. तथापि विचारणे आणि न विचारणे यांतला फरक गिऱ्हाइकांच्या संख्येने भरून निघत नाही.

इकडे शासनादेश 111 चे काय झाले? शहराची तहान दोन जलाशयांच्या आवाक्याबाहेर गेली होती. 1965 मध्ये मांजरेचे पाणी आले, 2004 मध्ये कृष्णेचे, 2015 मध्ये गोदावरीचे. पाटोद्याच्या डोंगरातून, महाबळेश्वरातून आणि त्र्यंबकेश्वरातून निघालेल्या तीन नद्या हैदराबादच्या नळांत एकत्र आल्या. गंडीपेटच्या पाण्याचा वाटा त्यामानाने फारच लहान झाला. 84 गावांतील शेतकरीही नाराज होते. शेजारच्या गावची जमीन सोन्याच्या भावाने विकली जाते आणि आपल्या जमिनीवर मात्र दोन मजले चढविता येत नाहीत, हे त्यांचे दुःख खोटे नव्हते. ज्या जमिनीने शहराचे पाणी राखले, तिच्या मालकास शहराने त्याबद्दल काय दिले, हा प्रश्न कोणत्याही शासनादेशात विचारलेला आढळत नाही. 12 एप्रिल 2022 रोजी तेलंगण सरकारने शासनादेश 69 काढून ते निर्बंध उठविले. जलाशयांतील पाण्याच्या गुणवत्तेस बाधा येता कामा नये, ही अट त्यात ठेवण्यात आली आणि पुढील नियम ठरविण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. शहर आता या पाण्यावर फारसे अवलंबून नाही, हे कारण सांगण्यात आले.

कारण खरे आहे. ते अपुरे मात्र आहे. ते पिण्याच्या पाण्याबद्दल बोलते. विश्वेश्वरय्यांनी जलाशय मागितले होते ते पुरासाठी. शेतात पडलेला पाऊस बराचसा मुरतो आणि रेंगाळत वाहतो. सिमेंटवर पडलेला पाऊस मुरत नाही, तो धावत सुटतो. वरच्या अंगाची एक लाख एकर जमीन हळूहळू छपरांनी आणि रस्त्यांनी झाकली गेली, तर त्याच पावसाचे पाणी जलाशयात अधिक वेगाने येईल आणि दरवाजे अधिक घाईने उघडावे लागतील. पिण्याचे पाणी गोदावरीकडून आणता येते, पूर कोणाकडे पाठविता येत नाही.

मुसीच्या पात्रातील बेटावर, इमलीबन येथे, महात्मा गांधी बस स्थानक आहे. इमलीबन म्हणजे चिंचेचे बन. 1908 साली माणसांना आधार देणारे ते चिंचेचे झाड तेथून नदीच्या वरच्या अंगास फार दूर नाही. 2025 च्या सप्टेंबर महिन्यात खोऱ्यात जोराचा पाऊस झाला, दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडावे लागले आणि 26 तारखेच्या रात्री मुसीचे पाणी या बस स्थानकात शिरले. फलाटांवर अडकलेल्या प्रवाशांना दोरांच्या आधाराने बाहेर काढावे लागले आणि दुसऱ्या दिवशी गाड्या तेथून सुटू शकल्या नाहीत. जुन्या महापुराच्या तिथीस त्या दिवशी 117 वर्षे पुरी होण्यास एक दिवस कमी होता. मेट्रोच्या त्या मार्गावर महात्मा गांधी बस स्थानकाच्या अलीकडचे स्थानक सुलतान बाजार हे आहे.